वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) होऊन दीड वर्ष झालं, आता दिवस गेलेत. वेगळ्या तपासण्या लागतात का?

हो, लागतात. दीड वर्ष थांबलात हे फार बरं केलंत. साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतातच.

दर तिमाहीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी-१२, फोलेट, कॅल्शियम, ड आणि अ जीवनसत्त्व तपासून घ्या. गोळ्या न चुकता घेत असलात तरी, कारण आता शरीरात त्या पूर्वीइतक्या शोषल्या जात नाहीत. अ जीवनसत्त्वाची गोळी रेटिनॉलची नको, बीटा-कॅरोटिनची हवी.

मुख्य फरक साखरेच्या चाचणीत. बायपासनंतर ग्लुकोजचं पाणी थेट आतड्यात उतरतं. दरदरून घाम, धडधड, चक्कर, मग साखर एकदम खाली. म्हणून ते पाणी पिण्याआधी डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं सांगाच. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरीच बोट टोचून उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजता येते.

बाळाचं वजन कमी भरण्याची शक्यता थोडी जास्त, त्यामुळे वाढ बघायला सोनोग्राफीही जास्त वेळा होते.

आणि पोटात जोराची कळ आली, उलट्या थांबेनात, तर ‘दिवसांमुळे होत असेल’ म्हणून घरी बसू नका. आतडं आत अडकलेलं असू शकतं. रात्र असली तरी दवाखाना गाठा.