पीएच.डी. झाली, पण शोधनिबंध पाठवायला मन धजावत नाही. आधी आत्मविश्वास हवा की आधी प्रकाशन?

नाशिकच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक आहात, प्रबंधातला एकही भाग छापला नाही आणि वरिष्ठ म्हणतात ‘तुमच्यात आत्मविश्वास नाही’, असं तुम्ही लिहिलंय. मी इथेच भूगोल शिकवते. माझं स्पष्ट मत: वरिष्ठांचं हे निदान फार ढोबळ आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो, आणि तो सगळ्यात पक्का होतो ते काम स्वतः तडीस नेल्यावर. म्हणून आधी बघा, नेमकं अडतं कुठे? विषय, आकडेवारी, इंग्रजी लेखन, की समीक्षकांचे शेरे?

आमच्या विभागातल्या एका मॅडमनी निफाडकडच्या कांदाचाळींवर काम केलं होतं. जर्नलकडून दोन पानं शेरे आले आणि ‘नाकारलं’ समजून त्यांनी फाइल मिटली. खरं तर पत्रात दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, असं होतं. आम्ही तक्ता केला: डावीकडे शेरा, उजवीकडे आपलं उत्तर आणि पान क्रमांक. निम्मे शेरे तक्त्यांच्या शीर्षकांबद्दल निघाले. गावं कशी निवडली, हा एकच प्रश्न खरा अवघड होता. त्यासाठी पद्धतीचा भाग नव्याने लिहावा लागला. पुढचा निबंध त्यांनी कुणालाही न विचारता पाठवला.

वेळेचा प्रश्नही आत्मविश्वासाच्या खात्यात टाकू नका. आठवड्याला 16 तास अध्यापन, वर पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजच्या दर्जा-मूल्यांकनाच्या) फायली. त्यात लिहायला सलग दोन तास मिळत नसतील तर तो तुमचा दोष नाही. वेळापत्रकात एक दुपार मोकळी मागा, अगदी लेखी मागा.

आणि कृपा करून पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मे 2018 मध्ये आपल्या मान्य जर्नलच्या यादीतून 4,305 जर्नल काढली होती. पुढे तिच्या जागी आलेली केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे: संपादक मंडळ खरं आहे का, जुने अंक वाचण्याजोगे आहेत का. पैसे भरून छापल्यावर बढतीसाठी गुण मिळतीलही, पण कुणी नीट वाचलंच नाही तर पुढच्या निबंधाला बळ कुठून येणार?

प्रबंधातलं सगळ्यात पक्कं एक प्रकरण काढा आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याचाच निबंध करा. पूर्वी निबंध छापून आलेला एखादा सहकारी सहलेखक म्हणून खरोखर काम करणार असेल तर जरूर घ्या. नुसतं नाव लावायला कुणालाही घेऊ नका.