स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘३ मे १८०८’ या युद्धचित्राची हाताने रंगवलेली प्रत हॉलमध्ये लावावी का?

लावा, पण आकाराचा विचार आधी करा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं मूळ चित्र जवळपास ९ फूट उंच आणि ११ फूट रुंद आहे. दोन-तीन फुटांच्या प्रतीत, कंदिलाच्या उजेडात सैनिकांच्या बंदुकांसमोर हात पसरलेल्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाचा चेहरा अगदीच लहान उरतो, आणि सगळं चित्र तर त्या चेहऱ्यावरच उभं आहे!

ऑर्डर देण्याआधी कंदील आणि सदरा यांचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागवा. काही जण कॅनव्हासवर प्रिंट काढून वर नुसते पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. तिथे ब्रशचे उंचवटे रंगाशी जुळत नाहीत, लगेच कळतं.

जेवणाच्या टेबलासमोर मात्र मी तरी गोळीबार टांगणार नाही. इंग्लिश चित्रकार टर्नरचं ‘फायटिंग टेमेरेअर’ बघा. ट्राफलगरच्या सागरी लढाईत लढलेलं जहाज भंगारात चाललंय, मूळ चित्रच साधारण ३ बाय ४ फुटांचं. प्रत मूळ मापातच करून घेता येईल.