ऑर्गनॉइडचं शेपूट

प्रश्न असा आहे: ‘ऑर्गनॉइडला मराठीत लघुअवयव म्हणावं का? आणि तो ऑर्गनॉइड की ते ऑर्गनॉइड?’

ऑर्गनॉइड म्हणजे मूळपेशींपासून (ज्यांपासून इतर पेशी घडतात त्या) प्रयोगशाळेत वाढवलेला, एखाद्या अवयवासारखा घडलेला पेशींचा इवलासा गोळा. त्याला लघुअवयव म्हणू नये. ‘मिनी मेंदू’ तर मुळीच नको, आणि ‘प्रयोगशाळेत मेंदू तयार!’ असे मथळे देणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिख या शास्त्रज्ञांनी मेंदूचा ऑर्गनॉइड वाढवला, तेव्हा तो जेमतेम ४ मिलिमीटरचा गोळा होता. त्याला मेंदू म्हणायचं तर पहिल्या वीटभट्टीलाच वाडा म्हणा.

‘लघु’ कुठून घुसला ते मला दिसतं. ॲस्टेरॉइडला आपण लघुग्रह म्हणतो, तेव्हा ‘ऑइड’ म्हणजे लघु, असा हिशेब कोणीतरी मांडला. अहो, ॲस्टेरॉइड म्हणजे ‘ताऱ्यासारखा दिसणारा’! दुर्बिणीत ग्रहाची तबकडी दिसायची नाही, नुसता ठिपका दिसायचा, म्हणून ते नाव. मराठीने तिथे शब्दार्थ सोडला आणि वस्तू पाहून नाव ठेवलं. ते चपखल बसलं. इथे नाही बसत. तान्ह्या बाळाचं यकृत हा लहान अवयव, ऑर्गनॉइड नव्हे. शिवाय लघु आणि अवयव यांचा रीतसर संधी करा: लघ्ववयव. वर्गात तीनदा म्हणून दाखवा.

‘ऑइड’ ग्रीक ‘एइदोस’वरून, म्हणजे रूप. धातू आपल्या संस्कृत ‘विद्’चाच (जाणणे) भाऊ; त्यांनी पाहिलं, आपण जाणलं. परिभाषा घडवणारी मंडळी इथे ‘सदृश’ नाहीतर ‘आभास’ पुढे करतात. ‘सदृश’ने साम्य कळतं, उणीव कळत नाही. ‘आभास’ तर सरळ आरोप आहे: तर्कशास्त्रातला हेत्वाभास म्हणजे हेतूचं, कारणाचं सोंग. ऑर्गनॉइड सोंग करत नाही, थोडं काम खरंच करतो.

आणि या ‘थोडं कमी’साठी पाणिनीने प्रत्यय देऊन ठेवले आहेत! ५.३.६७: ‘ईषदसमाप्तौ कल्पब्देश्यदेशीयरः’. ईषदसमाप्ती, किंचित अपुरेपण. पटू म्हणजे कुशल; पटुकल्प म्हणजे पटूच जवळजवळ, पण पटुत्व काठोकाठ भरलेलं नाही. म्हणून अवयवकल्प. ‘कल्प म्हटलं की लोकांना ब्रह्मदेवाचा दिवस आठवेल’, असं एका विद्वानांनी मला ऐकवलं. प्रकल्प, विकल्प, संकल्प म्हणताना किती जणांना ब्रह्मदेव आठवतो?

आता हे अपुरेपण किती, ते पाहा. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूळपेशी जेलमध्ये ठेवली. तिच्यापासून आतड्याच्या अस्तराचे खळगे आणि उंचवटे आपापल्या जागी उगवले, जागा कोणी नेमून दिलेल्या नसताना. पुढे सिस्टिक फायब्रोसिसच्या (पेशींतून क्षार-पाण्याची ये-जा बिघडवणारा आनुवंशिक रोग) रुग्णांच्या गुदाशयाचा कण घेऊन असे गोळे वाढवले गेले. त्यांवर फोर्स्कोलिन नावाचं रसायन टाकलं की निरोगी माणसाचे गोळे फुगतात, कारण क्षार आणि पाणी आत शिरतं. रुग्णाचे तसेच बसून राहतात. मग औषध घालून पाहायचं. फुगले तर ते त्या माणसाला लागू पडण्याची आशा. हा रोग जनुकातल्या एखाद्या दुर्मीळ बिघाडामुळे झालेला असेल, तर मोठी चाचणी घेण्याइतके रुग्णच नसतात. तिथे हा गोळाच साक्षीदार. झिका विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या नेमक्या कोणत्या पेशी मारतो, हे २०१६ मध्ये उलगडलं त्यातही मेंदूच्या गोळ्यांचा वाटा मोठा होता.

पण मेंदूच्या बाबतीत ‘ईषत्’ शब्द ताणावा लागतो, हे मान्य. रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे गोळा वाढला की प्राणवायू मध्यापर्यंत पोचत नाही आणि गाभा मरतो. पेशी गर्भावस्थेतच रेंगाळतात. म्हातारपणीचे रोग त्यांत उतरवणं म्हणून अवघड. एकाच खेपेतले दोन गोळेही जुळत नाहीत. ज्या जेलमध्ये बहुतेक ठिकाणी हे वाढवतात ते उंदराच्या गाठीपासून काढलेलं, तेही दर खेपेला थोडं वेगळं.

यावर माझं एक लाडकं मत आहे, घरचे कंटाळलेत. उणीव ‘कल्प’मध्ये नाही, ‘अवयव’मध्ये आहे. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारा: अवयव म्हटला की अवयवी आलाच. तो ज्याचा भाग आहे, असा कोणीतरी हवा. ग्रीक ‘ऑर्गनॉन’ म्हणजे हत्यार. हत्यार एकटं टेबलावर पडून राहू शकतं. अवयव नाही राहू शकत. २०२२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मानवी मेंदूचे गोळे उंदरांच्या नवजात पिलांच्या मेंदूत बसवले, तेव्हा यजमानाच्या रक्तवाहिन्या त्यांत शिरल्या आणि चेतापेशी डिशमधल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या झाल्या. अवयवी मिळाला! ग्रीक शब्द वापरणाऱ्यांना ज्याचं नवल वाटलं, ते संस्कृत शब्दात आधीच लिहिलेलं आहे. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

हां, लिंग राहिलं. तो ऑर्गनॉइड, तो अवयवकल्प. अनेकवचनातही तसाच: दहा अवयवकल्प.