नवीन डेस्कटॉपसाठी कॅबिनेटसोबत मिळणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनच्या सगळ्या भागांना वीज देणारा खोका) पुरेल का, की ८५० वॅटचा गोल्ड घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०, एक एनव्हीएमई एसएसडी आणि रॅमच्या दोन स्टिक ठरल्या आहेत. दुकानदार म्हणतोय कॅबिनेटसोबतचा ४५० वॅटचा एसएमपीएस आरामात चालेल. मित्र म्हणतोय ८५० वॅट गोल्डच्या खाली जाऊच नकोस (ब्राँझ, गोल्ड हे कार्यक्षमतेचे दर्जे, त्यांचं पुढे बघू). गावात लाइट रोज जाते आणि घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

दोघांचंही ऐकू नका. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस घ्या. दोन-तीन वर्षांत मोठं कार्ड टाकायचा विचार पक्का असेल तर ६५० वॅटचा घ्या. मित्राच्या सल्ल्याने जाणारे जास्तीचे पैसे वाचवा आणि ते यूपीएस व अर्थिंगवर लावा. तुमच्या गावची वीज जशी आहे त्यात त्यांचा उपयोग जास्त होईल.

आधी हिशेब करू. ५०६० कार्ड पूर्ण ताकदीने चालताना १४५ वॅट घेतं. ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नास-साठ धरा. म्हणजे गेम सुरू असताना सगळं मिळून ३०० वॅटच्या आत. ५०६० साठी एनव्हिडिया स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि त्यात पुरेशी मोकळीक धरलेली आहे. पुढे २५० वॅटचं आरटीएक्स ५०७० घ्यायचं झालं तर कंपनीची शिफारस ६५० वॅटची आहे. ८५० चा प्रश्न तुमच्या मशीनसाठी उद्भवतच नाही. जाता जाता, ८५० वॅटचा लावला तर बिल वाढतं ही समजूतही चुकीची आहे. मशीनला लागेल तेवढीच वीज तो ओढतो.

३०० वॅट लागणार असतील तर कॅबिनेटवाला ४५० चा का नको? कारण त्या ४५० वर भरवसा ठेवता येत नाही. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो, तो दुकानातच वाचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, बाकीच्या दोन लाइनवर फार थोडा भार येतो. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि १२ व्होल्टखाली जेमतेम १६ अँपिअर, असे लोकल एसएमपीएस माझ्या टेबलावर आले आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. तुमचं नुसतं कार्ड आणि प्रोसेसर मिळूनच २३३ होतात. उरलेली ताकद ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवणारी ही रचना जुन्या काळातली आहे, तेव्हा प्रोसेसरला ५ व्होल्टच्या लाइनवरून वीज मिळायची. पेंटियम ४ आला तेव्हा, म्हणजे २००० च्या सुमाराला, तो भार १२ व्होल्टवर गेला. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद त्याच लाइनवर मिळते.

असा एक बंद पडलेला एसएमपीएस उघडून बघितला की जास्त सांगावं लागत नाही. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलसाठी जागा छापलेली असते, पण कॉइल नसते. तिथे तारेचा एक तुकडा वाकवून डाग दिलेला असतो. कपॅसिटरच्या जागा रिकाम्या, आणि जे बसवलेत ते बोटाच्या पेरापेक्षा बारीक. उघडायचीही गरज नाही, हातात घेतलं तरी वजनावरून कळतं. (बंद असला तरी तो घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.)

हलका एसएमपीएस जातो तेव्हा एकटा जाईलच असं नाही, ही माझी खरी काळजी आहे. चांगल्यामध्ये व्होल्टेज वाढलं, करंट वाढला, शॉर्ट झालं, आतली उष्णता वाढली की आउटपुट बंद करणारी संरक्षणं असतात. खोक्यावर ती ओव्हीपी, ओसीपी, एससीपी, ओटीपी अशी लिहिलेली असतात. स्वस्त मालात यातलं बरंच काही नसतं. मग १२ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज थेट मदरबोर्डवर आणि एसएसडीवर जातं. हजार-दोन हजार वाचवायला अख्खं मशीन पणाला लावणं मला पटत नाही, आणि कष्टाच्या पैशातून पहिलं मशीन बांधणाऱ्याला तर मी ते कधीच करू देणार नाही.

आता ब्राँझ की गोल्ड. हे दोन्ही ८० प्लस या शिक्क्याचे दर्जे आहेत. हा शिक्का सांगतो ती कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज मशीनला पोचते आणि किती उष्णता होऊन जाते. संरक्षणं आहेत का, वीज किती स्थिर आहे, एसएमपीएस किती वर्षं टिकेल, यातलं काहीही तो सांगत नाही. ब्राँझ आणि गोल्डमध्ये फरक साधारण तीन-चार टक्क्यांचा. ३०० वॅटच्या भारावर रोज चार तास गेम खेळलात तरी वर्षाला वीसेक युनिट वाचतील. दोघांच्या किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असेल तर तो विजेच्या बिलातून भरून निघायला दहा वर्षंही कमी पडतील. गोल्डमध्ये बऱ्याचदा आतले भागही चांगले असतात आणि पंखा शांत चालतो, हे खरं. किमतीत पाच-सातशेचाच फरक असेल तर अवश्य गोल्ड घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी लक्षात घ्यायला हवी. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि बिनएसीच्या खोलीत ३८-४० असतं, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. उष्णता दहा अंशांनी वाढली की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला एसएमपीएस बघा, ८५ वाला नको. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसत असेल आणि तळाला जाळी असेल तर पंखा खालच्या बाजूला करून बसवा आणि ती जाळी महिन्यातून एकदा झाडा.

खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असंही दिसेल. मोठी कार्डं क्षणभर एकदम दुप्पट वीज ओढतात आणि जुने एसएमपीएस तेवढ्यावर बंद पडायचे, म्हणून इंटेलने २०२२ मध्ये हे मानक आणलं. ५०६० ची बहुतेक कार्डं एकाच आठ पिनच्या केबलवर चालतात, त्यामुळे तुमचं यावाचून अडणार नाही. त्याच किमतीत मिळत असेल तर घ्या.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा एसएमपीएस घेतलात तर त्याच्या केबल त्याच्याच राहू द्या. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत बसते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी सगळ्यांची सारखी नसते. चुकीच्या केबलने एसएसडी आणि हार्ड डिस्क जळतात आणि डेटाही जातो. प्रोसेसरची ४+४ पिनची केबल आणि ग्राफिक्सची ६+२ पिनची केबल दिसायला सारख्या असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, थांबून केबलवरचं नाव वाचा.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार तुमच्या आसपास कोणाची तरी असेलच. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोघांकडून धातूच्या खोक्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात आणि त्यातून येणारा किंचित करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर निम्म्या मेन्सएवढं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण पेन ड्राइव्ह किंवा मॉनिटरची केबल लावताना पोर्ट खराब व्हायला तेवढा पुरतो. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजायला सांगा, दोन-तीनच्या वर नसावेत. त्याचबरोबर फेज आणि अर्थमध्येही मोजायला सांगा, तिथे फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज यायला हवं. थ्री पिन प्लगची मोठी पिन काढून टू पिनमध्ये घुसवण्याचा प्रकार मात्र करू नका.

राहिला यूपीएस. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं. ३०० वॅटचं मशीन आणि वर मॉनिटर, म्हणजे तो काठावर चालेल आणि गेम सुरू असताना लाइट गेली तर फार तर दोन-चार मिनिटं मिळतील. सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात, पण बॅटरी जुनी असेल तर तीही मिळणार नाहीत. जमल्यास १००० व्हीएचा, ६०० वॅटचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन लावणार असाल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये तो इतका उशिरा पलटी मारतो की मशीन रीस्टार्ट होतं.

एसएमपीएस घेताना बिलावर त्याचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, ते तिथेच विचारा. मशीन जोडून झालं की गेम सुरू ठेवून यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो आणि एखाद्या चांगल्या एसएमपीएसलाही ती मानवत नाही. मशीन धक्कन बंद पडलं तर तीच चाचणी नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून पुन्हा करा. तेव्हा चाललं तर यूपीएसची ताकद किंवा बॅटरी कमी पडतेय. तेव्हाही पडलं तर ती जोडी जमत नाही, आणि दोघांपैकी एक बदलावं लागेल. दुकानदार आठवड्याभरात बदलून देतो, नंतर टाळाटाळ करतो, म्हणून ही चाचणी मशीन घरी आणल्या दिवशीच करा.