शिबिर झालं, पुढे काय?

प्रश्न : आमच्या वस्तीच्या आरोग्य सल्लागार गटाने मधुमेह तपासणी शिबिर घेतलं. गर्दी झाली, पण पुढे काहीच घडलं नाही. काय चुकलं?

उत्तर : शिबिर हा सोपा भाग. गळती नंतर होते. साखर जास्त निघालेली माणसं दवाखान्यात पोहोचतच नाहीत. म्हणून आधी नोंदवही ठेवा. नाव, आकडा, पुढची तारीख आणि पाठपुरावा कोण करणार, हे त्याच दिवशी लिहा. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त आली, तर प्रयोगशाळेत शिरेतलं रक्त तपासून खात्री करावी. बोटाच्या थेंबावर निदान नको. १०० ते १२५ वाले मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतात, त्यांना मोकळं सोडू नका. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि थोडं वजन उतरवणं त्यांनाच सर्वाधिक फळतं.

ग्लुकोमीटरचा, म्हणजे बोटाच्या थेंबावर साखर मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा फुगतो तो पुष्कळदा हातांमुळे. फळ खाऊन बोट धुतलं नाही, की साखर खोटीच वाढते! पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमटपणाने त्याही बिघडतात. सुई प्रत्येकाला नवी.

गटात दोन-तीन मधुमेही हवेतच. गोळ्या का सुटतात ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. डोस मात्र डॉक्टरांनीच बदलावा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पावलांची संवेदना तपासली गेली का, हेही वहीत लिहा.