फॉर्म भर, पण आधी हे वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज पाहिला, एअरफोर्सचा फॉर्म भरतोयस म्हणून फार आनंद झाला. पण त्याच्याच खाली तू जे लिहिलंस ना, की आता पाकिस्तानशी एकदा युद्ध होऊनच जाऊ दे, मिराज लढाऊ विमानं पाठवा, दोन दिवसांत विषय संपेल, ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहायला बसलोय.

तुला माहितीये, मी ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळावर मिराजच्या फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणाला तयार करतात तिथे, नोकरी केली. पायलट कॉकपिटमध्ये बसला की त्याचे पट्टे आवळायचे आणि मग इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात पायलटला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या, सेफ्टी पिना काढून त्याला दाखवायच्या, हे आमचं काम. तो मोजतो, अंगठा दाखवतो, आपण शिडी काढतो. विमान परत आलं की त्याच पिना पुन्हा लावायच्या. तोपर्यंत आपला जीव त्या पिनांत अडकलेला असतो रे.

आता कारगिलचं बघ. २७ मे १९९९ ला, म्हणजे हवाई हल्ले सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपली दोन मिग गेली, २८ ला एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, आतले चौघेही गेले. खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र, माणूस डोंगरात बसलेला, वरून दिसणार कसा? मग विमानं आणखी उंचावरून उडवायला लागली, त्यात एलओसी ओलांडायची नाही असा हुकूम, एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे बॉम्ब खाली मैदानात पडतो तसा तिथे पडत नाही. २४ जूनला मिराजनी टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले आणि अचूक टाकले, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण लेझरला टार्गेट दिसावं लागतं, मध्ये ढग आला की सगळी तयारी वाया.

आणि टायगर हिल हातात कधी आली? ४ जुलैला. मधले दहा दिवस मोज. शेवटी पोरांना रात्री दोर लावून कडा चढावाच लागला. कारगिलच्या त्या सगळ्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. दोन दिवसांत संपेल हे कुठून आणलंस तू?

मे २०२५ मध्ये मॉक ड्रिलला आपल्याकडे दिवे घालवले तेव्हा तू गच्चीवर व्हिडिओ काढत होतास. तुझी आज्जी खाली देवापाशी बसली होती, तिने १९६५ आणि १९७१ चा ब्लॅकआउट पाहिलाय, खिडक्यांना काळे कागद लावलेत. तिला एकदा नीट विचार, मध्ये न बोलता ऐक.

दुबळं राहावं असं मी म्हणत नाहीये हं. विमानं हवीत, चांगली हवीत, वेळेवर हवीत, आणि ती उडवायला तुझ्यासारखी पोरं हवीत. पण २८ जानेवारी २०२३ आठवतो? शनिवार, सकाळची वेळ, कुठलंही युद्ध नाही, रोजचा सराव. आपल्याच ग्वाल्हेरहून उडालेलं सुखोई आणि मिराज मुरैनाकडे कोसळलं. सुखोईतले दोघं वाचले, मिराजमधले विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. मी तेव्हा रिटायर होतो, ग्वाल्हेरच्या बाड्यावर, बाजारात भाजी घेत होतो, फोन आला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या पोराचा, ज्याने त्या दिवशी पिना काढून दाखवल्या असतील.

रविवारी ये. फॉर्म बरोबर आण, आपण दोघं मिळून भरू.

तुझा,
काका