वर्तुय

बीएडची मुलं समुपदेशनाला आली की आधी झोप लागत नाही, भूक नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही असं काहीबाही सांगतात. खरी गोष्ट उठायच्या वेळेला निघते. ‘मॅडम, माझी भाषा गावाकडची आहे. मी शिक्षिका म्हणून चालेन का?’ हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्यातल्या एकीची गोष्ट लिहायचं ठरवलं. तिला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती बुलढाण्याकडची. पुण्यात बीएडच्या दुसऱ्या वर्षाला, मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, गणित. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरलेली, त्यामुळे ‘सोडून देऊ का’ हे विचारणंही तिला जड जात होतं. पहिलं वर्ष निभावलं होतं. सूक्ष्मपाठ सहा मिनिटांचा, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच वर्गमित्र, त्यातले निम्मे वाशीम-हिंगोलीचे. हसणार कोण? खऱ्या शाळेशी गाठ पडली ती दुसऱ्या वर्षी, शाळेत जाऊन शिकवायच्या 16 आठवड्यांच्या आंतरवासितेत. आठवीचा वर्ग, जीवा आणि कंस. ती म्हणाली, ‘वर्तुयाचा केंद्रबिंदू.’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘वर्तुय!’ मग अख्ख्या वर्गात वर्तुय. मधल्या सुट्टीत जिना उतरताना पाठीमागून हाक, ‘बाई, फया पुसू का?’

वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया आणि पाण्याचं पानी. ते ऐकतच ती वाढलेली. गणिताच्या शिक्षकाची पंचाईत अशी की ‘ण’ आणि ‘ळ’ टाळून गणित शिकवताच येत नाही. वर्तुळ, क्षेत्रफळ, त्रिकोण, समीकरण, गुणाकार, प्रमाण. मराठी मेथडवाल्याला एखादा शब्द बदलून वेळ मारून नेता येते, पण क्षेत्रफळाला दुसरं काय म्हणणार?

पहिल्या भेटीत मी चूक केली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘अगं, कुठलीच भाषा अशुद्ध नसते.’ वर हेही ऐकवलं की मराठी गद्याचा पाया तुमच्या वऱ्हाडातच घातला गेला, महानुभावांच्या रिद्धपुरात. ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्हाला म्हणायला सोपं आहे मॅडम. तुमची शुद्ध आहे. आणि रिद्धपूर आठवीच्या पोरांना माहीत नाही.’ मी गप्प बसले. तिचं खरंच होतं. ज्याला कधी कुणी हसलं नाही त्यानं दिलेला असला धीर फुकटचा असतो.

दुसऱ्या भेटीला तिला पाठ टाचणाची, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीची वही आणायला सांगितलं. तिनं ती टेबलावर पालथी ठेवली. मी सुलट केली आणि प्रत्येक पाठाखालचा निरीक्षकांचा शेरा तिलाच मोठ्यानं वाचायला लावला. ‘उच्चाराकडे लक्ष द्यावे’ हे तीनदा होतं, आणि त्या तिन्ही ठिकाणी तिनं स्वतः पेन्सिलीनं दोन-दोन रेघा ओढल्या होत्या. ‘फलकलेखन उत्तम’ पाच वेळा, त्याखाली रेघ नाही. ‘प्रश्न फक्त पुढच्या दोन बाकांना विचारले’ चार वेळा. हे तर तिनं वाचलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

मग शेवटचे दोन पाठ पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की टाचणात ‘वर्तुळ’ हा शब्दच येईनासा झालाय. ‘ही आकृती’, ‘हे’, ‘याचं जे येतं ते’. हसू होऊ नये म्हणून ती शब्दच गिळत होती, आणि मुलांना बाई कशाबद्दल बोलताहेत ते कळत नव्हतं. तिच्या शिकवण्याचं नुकसान ‘वर्तुय’नं केलेलं नव्हतं, या पळवाटेनं केलं होतं. भीतीचं असंच असतं. एकदा टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, पुढच्या वेळी टाळावंसं जास्त वाटतं.

तिला मी दोन कामं दिली. पहिलं तोंडाचं. ‘घंटा म्हण. थंडी म्हण.’ म्हणाली. त्यातला ‘ट’च्या, ‘ड’च्या आधीचा अनुनासिक हा ‘ण’च आहे, आणि तो तिला जन्मापासून येतोय. जीभ तिथंच वळवून थांबवायची, पुढचा ‘ट’ सोडून द्यायचा. ‘ळ’ला वेळ लागला. सगळी भाषा धुऊन काढायला बसायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, फक्त गणितातले दहा शब्द. घरी आईशी फोनवर बोलताना जे बोलते तेच बोलायचं. दुसरं काम अवघड: ‘वर्तुळ’ हा शब्द पाठात निदान दहा वेळा आलाच पाहिजे, चुकला तरी.

पुढचा पाठ तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘वर्तुळ’ लिहून सुरू केला आणि म्हणाली, ‘आमच्या गावात याला वर्तुय म्हणतात. तुमच्या घरी केळीला काय म्हणतात?’ हे मी सुचवलेलं नाही, तिचंच. काही पोरं हसली. एकजण म्हणाला, ‘आमची आजी केयी म्हणते.’ त्याचं घर अकोल्याचं निघालं. मागचा बाक त्या दिवशी पूर्ण गप्प झाला असं काही नाही, पण तिनं पहिल्यांदाच तिथपर्यंत जाऊन प्रश्न विचारला.

मधे तिनं शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल विचारलं, ‘टीईटीत उच्चाराला किती मार्क असतात?’ एकही नाही. 150 बहुपर्यायी प्रश्न, खुल्या गटाला 90 गुण हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर पहिली ते पाचवीचं दार बीएडवाल्यांना बंद आहे, म्हणून तिचा पेपर दुसरा, सहावी ते आठवीचा. पुढची, शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणीही संगणकासमोर बसून द्यायची. पण खासगी संस्थेत मुलाखतीतून जायचं तर बोलावं लागतंच, तेव्हा तिला मी ‘उच्चाराचं काही नसतं’ असं सांगितलं नाही. ‘सोडून देऊ का’ हा प्रश्न मात्र तिनं परत काढला नाही.

शेवटच्या भेटीत वही तिनं स्वतः उघडून समोर धरली. सातवीचा वर्ग, पायथागोरसचा सिद्धांत. शेरा लाल शाईत होता: ‘ण, ळ यांत चांगली सुधारणा. मात्र काटकोण नव्हे, काटकोन.’

‘बघा मॅडम,’ ती हसत म्हणाली, ‘आता नको तिथंबी ण येऊन राह्यला.’